पॉइंट पिनोसहून ट्रंक कॉल

सकाळी साडेसातला क्युपर्टिनोच्या घरासमोर एक काळी, उंच गाडी येऊन उभी राहिली आणि माझी सून केतकी मला जवळजवळ दाराबाहेर ढकलू लागली. "आई, डबा घेतलात? स्वेटर? समुद्रावर वारा असतो हं." ही सहल तिनेच ठरवली होती, फक्त दोघांसाठी, मी आणि माझा मुलगा मंदार. खासगी सहल म्हणजे गाडी आपल्यापुरती, चालक आपला, आणि वाटेत इतिहास सांगायचं कामही त्याच्याचकडे. सकाळी जुनी ठिकाणं, दुपारी समुद्र, संध्याकाळी घरी. "तुम्हीपण चला की," असं मी म्हटलं, तर आठ वर्षांच्या नातीने, सईने, दुधाच्या वाडग्यातून मान वर न काढता सांगितलं, "आजी, आय हॅव स्कूल. सील्सचे पिक्चर्स काढ, ओके?" केतकीने डबा माझ्या हातात दिला. दार लावताना तेवढं म्हणाली, "सावकाश या." आमच्या घरात निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, ते तिने लग्नानंतर महिन्याभरातच उचललं होतं.

मला अमेरिकेत येऊन पाच महिने झाले होते आणि पुढच्या शनिवारी परतीचं विमान होतं. या पाच महिन्यांत मला मंदारला एक प्रश्न विचारायचा होता. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी पोळ्या लाटत बसायचे.

गेल्या वर्षी सातारच्या घरी हे वारले. मंदारला येता आलं नाही. त्याच्या व्हिसाचे कागद तेव्हा नेमके मधेच अडकले होते, देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत येता येईल याचा भरवसा नव्हता. त्याबद्दल माझा राग नव्हता, खरंच नव्हता. ऑफिसात करतात तशी मीटिंगची लिंक त्याने पाठवली, म्हणजे दुबईची माझी नणंद, पुण्याचे भाचे, सगळ्यांनाच शेवटचं दर्शन व्हावं. आमच्या पुतण्याने, सचिनने, लॅपटॉप ह्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवला. पडद्यावर एकेका चौकटीत एकेक नातेवाईक. मंदारच्या चौकटीत चेहरा नव्हता. कॅमेरा बंद, नुसतं इंग्रजी एम अक्षर. उचलायची वेळ झाली तेव्हा सचिन म्हणाला, "दादा, काकांशी शेवटचं बोलून घे." आम्ही सगळे थांबलो. त्या चौकटीतून एक शब्द आला नाही. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मग सचिनच हळू आवाजात म्हणाला, "दादाला जमत नाहीये. उचला."

बापासाठी चाळीस वर्षांच्या मुलाकडे एक शब्द नसावा? माझा प्रश्न एवढाच होता. तो घेऊन मी गाडीत बसले.

चालकाचं नाव रुबेन. साठीचा, रुंद खांद्यांचा, मिशीत हसणारा माणूस. तरुणपणी सलीनासच्या शेतांमधून भाजीचे ट्रक चालवायचा. मी मुद्दाम त्याच्या मागच्याच सीटवर बसले. माझे यजमान एसटीत चालक होते, सातारा-गुहागर त्यांचा रूट, त्यामुळे कुणी गाडी कशी चालवतो हे मला पाठमोऱ्या मानेवरूनही कळतं. रुबेनची मान स्वस्थ होती. ब्रेक दाबला की नाही ते पोटातल्या पाण्याला कळू देत नव्हता. ह्यांनी लगेच पास केलं असतं.

"मॅडम, तुम्ही काय काम करत होतात?" त्याने आरशातून विचारलं.

मी सांगितलं, सातारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, बत्तीस वर्षं. रुबेनला फार गंमत वाटली. त्याला मी ट्रंक कॉल म्हणजे काय ते समजावलं. कॉल नोंदवायचा, तासन् तास वाट बघायची, मग आम्ही वायर खोचून दोन गावं जोडायची. लाइन खराब असली आणि दोघांना एकमेकांचं ऐकू येईनासं झालं की मधे बसलेली मी दोघांचंही ऐकून निरोप पोचवायची. ते म्हणतायत, मुलगी झाली. त्या म्हणतायत, सुखरूप आहे ना? "पण त्यात आपल्या मनाचं एक अक्षरही घालायचं नाही," मी म्हटलं, "तो आमचा नियम होता."

"आई हॅज अ वेरी स्ट्रिक्ट रेकॉर्ड," मंदार म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये गेला. सुट्टी काढली होती म्हणे. अशी सुट्टी माझ्या साहेबाने कधी मंजूर केली नसती.

गिलरॉय आलं ते नाकाला आधी कळलं. काचा बंद असूनही लसणाचा वास. मला घरी फोडणी टाकल्यासारखं वाटलं. पुढे रस्ता डोंगरांत शिरला. एप्रिलमुळे डोंगर हिरवे होते. महिन्याभरात सगळे वाळून पिवळे पडतील, रुबेन म्हणाला.

पहिला मुक्काम सान हुआन बाउतिस्ता. तिथे एक जुनं मिशन (स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेलं चर्च आणि भोवतीची वसाहत) आहे. लांबच लांब पांढरी पडवी, कमानीमागून कमानी. आत चर्चमध्ये गारवा होता आणि जमिनीवर लाल, भाजलेल्या मातीच्या फरश्या. काही फरश्यांवर जनावरांच्या पावलांचे ठसे होते. फरश्या उन्हात वाळत घातल्या असताना कुठला तरी प्राणी त्यांवरून चालत गेला आणि ती पावलं कायमची राहिली. एका दाराला खाली गोल भोक होतं, मांजरांना उंदीर धरायला आत येता यावं म्हणून. मला त्या पाद्र्यांचं पहिल्यांदाच जरा कौतुक वाटलं.

पण चर्चच्या बाजूला दफनभूमी होती, आणि तिथे ते कौतुक टिकलं नाही. ऑलिव्हची जुनी झाडं, थोडेसे क्रूस आणि बाकी नुसती जमीन. इथले मूळचे लोक, मुत्सुन जमातीचे, हजारोंनी त्या जमिनीत आहेत, रुबेन टोपी काढून सांगत होता. पाद्र्यांनी त्यांना कामाला लावलं, साथी आल्या, माणसं गेली. बहुतेकांच्या जागेवर नावही नाही. भिंतीपलीकडे उतार होता आणि खाली कोबीची सपाट शेतं. भूकंपाची ती मोठी भेग म्हणे बरोबर त्या उताराखालून जाते. एवढं सगळं पोटात ठेवून जमीन कशी शांत पडली होती.

परत आत आल्यावर रुबेनने आईसाठी एक मेणबत्ती लावली. मग मला विचारलं, "आणि तुमचे मिस्टर?"

"एक्स्पायर्ड. लास्ट इयर," मी म्हटलं.

त्याने छातीवर हात ठेवला आणि दुसरी मेणबत्ती माझ्यापुढे धरली. मी मंदारकडे पाहिलं. म्हटलं, "तू लाव. तुझ्या हातून काहीच झालं नाही बाबांचं." बोलायचं नव्हतं, बोलून गेले. मंदारने मेणबत्ती घेतली नाही. फोन वाजला नसतानाही तो कानाला लावून बाहेर निघून गेला. मेणबत्ती मीच लावली. वात दोनदा विझली.

आम्ही पुढे निघालो. कॅस्ट्रोव्हिल नावाच्या गावात रुबेनने आम्हाला आर्टिचोक (कमळाच्या मोठ्या कळीसारखी दिसणारी, काटेरी पाकळ्यांची भाजी) तळून देतात तिथे नेलं. चव आपल्या केळफुलाच्या भज्यांच्या जवळपास जाते, फक्त मीठ-तिखटाच्या नावाने ओरड. मी डब्यातून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. रुबेनने आर्टिचोक चटणीत बुडवून खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितली. मंदारने अर्धा धपाटा खाल्ला. एरवी चार खातो.

"आई, सॉरी, फक्त हाफ अवर. एक मीटिंग आहे, ती कॅन्सल नाही करता आली," गाडी सुटल्यावर तो म्हणाला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. रस्त्याच्या उजवीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या फटींतून अधूनमधून राखाडी पाणी. मंदारला कुणी तरी काही विचारलं असावं. तो हात हलवून, अगदी तळमळीने समजावू लागला. इतकं मनापासून तो माझ्याशी पाच महिन्यांत बोलला नव्हता. मग अचानक थांबला. कळ दाबली. "ओ, सॉरी गाइज. आय वॉज ऑन म्यूट." लॅपटॉपमधून दोन-तीन जण हसले.

मलाही हसू आलं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हटलं, "अरे, ऑपरेटरचा मुलगा ना तू? आवाज येतोय का, हे आधी विचारावं, एवढंही शिकवलं नाही का मी?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला, लहानपणी ताप चढताना उतरायचा तसा. तिकडे माणसं बोलत असतानाच त्याने लॅपटॉप मिटला. "काय रे? काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि काचेला डोकं टेकवून डोळे मिटून बसला.

माँटेरेला आम्ही जुनं कस्टम हाउस (जकातघर) पाहिलं. आत गोण्या, पिंपं, चामडी, बंदरात आलेला माल तपासायची टेबलं, सगळं तेव्हासारखं मांडून ठेवलेलं. जवळच एका जुन्या घरापुढची पायवाट देवमाशाच्या हाडांच्या तुकड्यांची आहे. मी त्यावर पाय ठेवायला कचरले, माझी चप्पल अडखळली आणि मी पडता पडता मंदारने दंड धरला. सावरल्यावरही सोडला नाही. धक्क्यावर सी लायन (समुद्रातले केसाळ, मिशाळ प्राणी) एकमेकांच्या अंगावर लोळून भुंकत होते. सईसाठी मी फोटो काढले, त्यांतल्या दोनांत माझं बोट आलं.

शेवटचा मुक्काम होता पॅसिफिक ग्रोव्हच्या टोकावर, पॉइंट पिनोसला. दीपगृह म्हणजे उंच मनोरा असेल असं मला वाटलं होतं. हे तर एक साधं बैठं घर होतं आणि त्याच्या छपरावर दिवा. पहिला रखवालदार मेल्यावर त्याच्या बायकोनेच पुढे हा दिवा सांभाळला, असं रुबेनने सांगितलं. कुणाचं जहाज, कुणाचा नवरा त्यात, काही माहीत नसताना ती बाई जागत बसायची. मला तिची नोकरी ओळखीची वाटली.

रुबेन गाडीपाशी थांबला. आम्ही दोघं रस्ता ओलांडून पाण्याकडे गेलो. काळे खडक, त्यांच्यावर फुटणारं पांढरं पाणी, आणि लांबून सरकत येणारं धुकं. वारा असा की पदर आवरेना. "इथलाही समुद्र पश्चिमेलाच का गं?" असं ह्यांनी मला एकदा नकाशा पाहून विचारलं होतं. गुहागरला गाडी लावली की हे जेवणाचा डबा घेऊन किनाऱ्यावर बसायचे. "एकदा तुला नेईन," असं नेहमी म्हणायचे, आणि मग माझी ड्यूटी असायची नाही तर त्यांची. ते सगळं एकदम आठवलं आणि माझा बांध फुटला. मी खडकावर बसून रडले. मंदार शेजारी बसला.

"आई, मी बोललो होतो," तो म्हणाला.

वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"त्या दिवशी. बाबांशी. मी बोललो होतो, आई. बराच वेळ बोलत होतो." मग तो भराभर सांगू लागला. "लिंक मीच सेट केली होती ना. सगळे एकदम बोलतील, गुरुजींना डिस्टर्ब होईल, म्हणून सचिन सोडून मी सगळ्यांना म्यूट केलं होतं, स्वतःलाही. ग्रुपवर मेसेजपण मीच टाकला, प्लीज माइक ऑफ ठेवा. कॅमेरा बंद केला, कारण रडताना मला आत्याने बघायला नको होतं. सचिन म्हणाला बोल, आणि मी बोललो. सगळं बोललो. मग तो म्हणाला, दादाला जमत नाहीये. मी ओरडलो, सचिन, थांब, मी बोलतोय! तुम्ही उचललंत. बाबा फ्रेममधून गेले, आणि मग मला ते माइकचं लाल चिन्ह दिसलं."

मी त्याच्याकडे वळले. "मग नंतर सांगितलं का नाहीस रे?"

"काय सांगू? रोज ऑफिसमध्ये दहा जणांना मी सांगतो, यू आर ऑन म्यूट. आणि माझ्या बाबांच्या वेळी मीच... फक्त केतकीला सांगितलं. तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तू रागावलीयस. आणि बरोबर रागावलीयस."

"रागावलेच होते," मी म्हटलं.

पण आता राग त्याच्यावर उरला नव्हता, तो सगळा माझ्याकडे वळला होता. बत्तीस वर्षं मी दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य बोलले, हॅलो, आवाज येतोय का? गावातल्या कुठल्याही ऐऱ्यागैऱ्यासाठी विचारलं. लाइन गप्प असली म्हणजे पलीकडचा माणूस गप्प आहे असं नसतं, हे नव्या मुलींना मीच शिकवायची. आणि माझ्या घरात, ह्यांच्या उशाशी, मुलाची लाइन गप्प होती तेव्हा मी ते विचारलं नाही. वर वर्षभर मनात धरून बसले, आणि आज सकाळी चर्चमध्ये त्याला बोचून बोलले. मी त्याला तसं सांगितलं. "चुकले रे मी," म्हटलं. तो मान हलवत राहिला, नाही, नाही, म्हणत.

मग मी विचारलं, "काय बोललास?"

"असंच. येता नाही आलं, कागद अडकलेत. सईचा पुढचा दात पडला. तुम्ही म्हणायचात तसं घाटात मी अजून सेकंड गिअर टाकतो." तो थांबला. "आणि शेवटी ते नेहमीचं. मला जा म्हणता येईना, आई. मी म्हणालो, बाबा, सावकाश या."

हे पहाटे ड्यूटीला निघाले की हा अंथरुणातून उठून उंबऱ्यापर्यंत यायचा आणि असंच म्हणायचा. सायकलच्या घंटीबरोबर ह्यांचं उत्तर यायचं, "येतो रे." एक दिवस चुकला नाही त्यात.

मी उठले. डोळे पुसले, पदर खोचला. का कुणास ठाऊक, डावा हात आपोआप कानाशी गेला, हेडफोन सावरायला जायचा तसा. पाण्याकडे तोंड करून मी मोठ्याने म्हटलं, "हॅलो, सातारा? क्युपर्टिनोहून कॉल आहे. लाइन खराब आहे, निरोप सांगते. मंदार म्हणतोय, येता आलं नाही, कागद अडकले होते. मंदार म्हणतोय, सईचा दात पडला. घाटात सेकंड गिअर टाकतो म्हणतोय." कुत्रं फिरवणारं एक जोडपं थबकून आमच्याकडे पाहू लागलं. बघेनात का. "मंदार म्हणतोय..." माझा आवाज फुटला. मी पुन्हा सुरुवात केली. "मंदार म्हणतोय, सावकाश या."

मंदार गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. धुकं आत येत गेलं आणि पाणी दिसेनासं झालं, तेव्हा रुबेन माझा स्वेटर घेऊन आला. तो त्याने माझ्या खांद्यांवर टाकला.

परतीच्या वाटेवर दिवस मावळत होता. डबा रिकामा, चपलेत वाळू, आणि दोघांचे डोळे सुजलेले. एवढ्या लांबच्या प्रवासातून मी नेमकं काय पाहिलं असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. कमानी, हाडांची वाट, छपरावरचा दिवा, हे सगळं पाहिलं खरं. पण खरा पाहिला तो माझा मुलगा, आणि तोही जायच्या आठवड्यात. दुःख काही कमी झालं नाही. उलट हे आज हवे होते असं फार वाटलं.

गाडी क्युपर्टिनोच्या ओळखीच्या वळणावर आली. घराच्या खिडकीत दिवा होता आणि सई काचेला नाक लावून उभी होती. रुबेनने गाडी थांबवली, तेवढ्यात मंदारने माझा हात धरला. लहानपणी एक्स्चेंजमध्ये माझ्या स्टुलाशेजारी उभा राहून विचारायचा, अगदी त्याच आवाजात त्याने विचारलं, "आई, काय म्हणाले?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी निरोपात मनाचं अक्षर घातलं नव्हतं.

"येतो रे, म्हणाले," मी सांगितलं.